हाकेच्या अंतरावर

क्लाक्स्विकच्या मत्स्यशाळेची नवी इमारत
जुनीपासून हाकेच्या अंतरावर आहे.
मधे एक रस्ता, एक उतार,
जाळी वाळत घालायचे सहा खांब.
पण हाक पोचत नाही.

चोवीस संगणक, पोटात डिस्क नसलेले,
रोज सकाळी उठतात ते कोरे.
स्वतःचं नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही,
कारखान्यात कपाळी कोरलेली बारा अक्षरं तेवढी.
दिसेल त्या वाटेला विचारतात:
कुणी आहे का? मला पत्ता द्या.
जुन्या इमारतीत लगेच ओ मिळते.
नव्यात काळा पडदा, एक पांढरी ओळ,
चार हाका
आणि गप्प.

गुरुवार. सोमवारी मुलं येणार.
मासळीच्या उलट्या खोक्यावर लॅपटॉप ठेवून
मी आधी केबलवर संशय घेतला,
गरिबावर घेतात तसा, लगेच.
एक तपासली, निर्दोष निघाली,
बाकीच्या तिच्या पुण्याईवर सुटल्या.
मग स्विच. तो खरंच दोषी होता, थोडासा:
दार उघडण्याआधी तीस सेकंद विचार करायचा,
आपण स्वतःभोवतीच तर फिरत नाही ना,
तोवर आतलं लेकरू ओरडून दमायचं.
म्हटलं, या चोवीस दारांशी विचार नको, उघड.
हाक आता दाराबाहेर पडू लागली
आणि राउटरपाशी मरू लागली.

राउटरला काय बोलणार!
अंगणातली हाक अंगणात, हा त्याचा धर्म.
सगळ्यांच्या हाका सगळीकडे नेल्या
तर झोप कुणाला लागेल?
त्याला एवढंच शिकवलं:
ही एक हाक ऐकलीस तर तिचा सांगावा कर
आणि थेट त्या जुन्या सर्व्हरच्या हाती दे.
तरी पडदा काळाच.

रात्री नऊला हेरगेर किल्ल्या घेऊन आला,
शाळेचा रखवालदार,
बोगदा होईपर्यंत नावाडी.
त्याला मी काय सांगणार, पोर्ट आणि सबनेट?
म्हटलं, पलीकडे हाक जात नाही.
तो खिडकीशी गेला. बराच वेळ बाहेर बघत राहिला.
आमच्याकडेही जायची नाही, म्हणाला,
वारा उत्तरेचा असला की.
किनाऱ्यावरचं शेवटचं घर आर्मगार्दचं. तिच्याकडे फोन.
ती हाक ऐकायची आणि माझ्या बापाला कळवायची:
माणूस आहे, आमच्या धक्क्यावर आहे.
धक्का सांगायला विसरली नाही कधी.
नाहीतर बाप भलतीकडेच लागायचा.

मी कॉफी खाली ठेवली.
सर्व्हरची नोंदवही उघडली, जी मी
दोन दिवस उघडली नव्हती, कारण तो जुना आणि शहाणा.
सांगावे सगळे पोचले होते.
प्रत्येकावर धक्का लिहिलेला.
आणि प्रत्येकापुढे एकच शेरा:
हा धक्का आमच्या वहीत नाही.

एक पान जोडलं. पन्नासपासून दोनशेपर्यंत
रिकाम्या ओळी.
पत्ता आला!
नाव आलं नाही.
कुठली फाइल मागायची ते कुणी सांगितलंच नव्हतं;
उतारू धक्क्यावर, हातात तिकीट, आणि नाव नाही.
मग ते लिहिलं, तर चुकीचं,
जुन्या यंत्रांच्या वळणाचं, नव्यांना न वाचता येणारं.
ते खोडलं. दुसरं लिहिलं.
मधली भिंत फाइल अडवत होती, तिच्याशी भांडले.
या भागाचं मला फारसं आठवत नाही.

पावणेबाराला पहिल्या पडद्यावर ठिपके सरकू लागले,
मग शेजारच्यावर,
मग खोलीभर एक निळसर उजेड,
ज्यात हेरगेर खुर्चीत झोपलेला दिसला,
किल्ल्या मुठीत.

तेवीस.
सतरावा अजून ओरडतच होता.
त्याची केबल तुटकी निघाली.